विश्लेषण : ७० लाखांचा फ्लॅट, २२ हजार भाडे... घरमालकाच्या हाती उरते किती?

एक घर राहायला आणि एक भाड्याने द्यायला, हे अनेक मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांचे जुने स्वप्न. निवृत्तीच्या पैशांतून, गावाकडची जमीन विकून किंवा नोकरी लागल्यावर काही वर्षांतच कर्ज काढून पुणे, ठाणे, नाशिक, नागपूरमध्ये दुसरा फ्लॅट घेतला जातो. ‘दरमहा भाडे सुरू राहील आणि घराची किंमतही वाढेल’ हा त्यामागचा हिशेब. मात्र या हिशेबात सोसायटीचा मेंटेनन्स, घर रिकामे राहण्याचे महिने, मिळकतकर आणि प्राप्तिकर सहसा धरलेले नसतात. त्यातच भाडेकरार नीट केलेला नसेल तर वाद झाल्यावर मालकाचीच बाजू लंगडी पडते. भाड्याच्या घरातून प्रत्यक्षात किती परतावा मिळतो, कायदा मालकाला कधी साथ देतो आणि घर घेण्याआधी कोणते प्रश्न विचारायला हवेत, याचा हा आढावा.

एजंटने सांगितलेला परतावा आणि खरा परतावा वेगळा का?

एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्यात ७० लाख रुपयांना जुना, म्हणजे पुनर्विक्रीचा, दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला आणि त्याला महिना २२ हजार रुपये भाडे आले. वर्षाचे भाडे झाले २ लाख ६४ हजार रुपये. ७० लाखांवर हा परतावा सुमारे ३.८ टक्के होतो. एजंट सांगतो तो हाच आकडा.

पण घर ७० लाखांत पडत नाही. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख ९० हजार रुपये. घर केवळ महिलेच्या नावावर घेतल्यास त्यात एक टक्क्याची सवलत मिळते. नोंदणी शुल्क ३० हजार, सोसायटीचे हस्तांतरण शुल्क जास्तीत जास्त २५ हजार, एक टक्का दलाली धरली तर ७० हजार. पंखे, गीझर, कपाटे, किचन ट्रॉली यांवर २ लाख. एकूण खर्च होतो ७८ लाख १५ हजार रुपये.

आता वर्षाचा खर्च पाहू.

• वर्षात एक महिना घर रिकामे : २२,००० रुपये
• नवा भाडेकरू शोधण्याची दलाली, सरासरी : ११,००० रुपये
• सोसायटीचा मेंटेनन्स, महिना ३ हजारांप्रमाणे : ३६,००० रुपये
• सोसायटीचे बिनभोगवटा शुल्क : ३,६०० रुपये
• मिळकतकर : १८,००० रुपये
• रंग, नळ, गीझर, इतर दुरुस्ती : १५,००० रुपये

ही बेरीज १ लाख ५ हजार ६०० रुपये होते. २ लाख ६४ हजारांतून ती वजा केली, की उरतात १ लाख ५८ हजार ४०० रुपये. ७८ लाख १५ हजारांवर हा परतावा जेमतेम २ टक्के होतो. प्रत्येक घराचे आकडे वेगळे असतील, काही ठिकाणी मेंटेनन्स भाडेकरू भरतो, काही ठिकाणी घर दोन-तीन वर्षे रिकामे राहत नाही. पण हिशेबाची पद्धत हीच. भाडे भागिले किंमत हा अर्धाच हिशेब आहे. हातात उरलेली रक्कम भागिले एकूण गुंतवणूक, हा पूर्ण हिशेब.

मिळकतकराबाबत पुण्यात आणखी एक मुद्दा लक्षात घ्यावा लागतो. स्वतः राहत असलेल्या घराला महापालिकेच्या मिळकतकरात ४० टक्के सवलत मिळते. घर भाड्याने दिले की ही सवलत लागू राहत नाही. त्यामुळे आधीच्या मालकाच्या जुन्या बिलावरून कराचा अंदाज बांधणे चुकीचे ठरू शकते.

प्राप्तिकरात किती रक्कम जाते?

भाड्याचे उत्पन्न ‘घर मालमत्तेपासूनचे उत्पन्न’ या शीर्षकाखाली दाखवावे लागते. निवासी घराचे भाडे व्यवसायाचे उत्पन्न म्हणून दाखवून त्यातून सगळे खर्च वजा करण्याचा मार्ग २०२४ च्या अर्थसंकल्पातील दुरुस्तीने बंद झाला.

हिशेब असा : मिळालेल्या भाड्यातून मालकाने त्या वर्षात प्रत्यक्ष भरलेला मिळकतकर वजा करायचा. उरलेल्या रकमेवर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते. दुरुस्तीवर खर्च झाला असो वा नसो, ही वजावट मिळतेच. मात्र रंगकाम, दलाली, दुरुस्ती यांच्या पावत्या जोडून वेगळी वजावट मागता येत नाही.

वरच्या उदाहरणात ११ महिन्यांचे २ लाख ४२ हजार भाडे मिळाले. त्यातून १८ हजार मिळकतकर गेला, उरले २ लाख २४ हजार. ३० टक्के वजावटीनंतर करपात्र रक्कम १ लाख ५६ हजार ८०० रुपये. मालक ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर उपकरासह ३१.२ टक्के दराने सुमारे ४९ हजार रुपये कर. म्हणजे हातात उरतात साधारण १ लाख ९ हजार रुपये. परतावा १.४ टक्क्यांवर येतो. दुसरीकडे, करपात्र मर्यादेखाली उत्पन्न असलेल्या निवृत्त व्यक्तीला हेच घर २ टक्के देते. घर तेच, पण मालक कोण आहे यावर परतावा बदलतो.

घर भाड्याने न देता बंद ठेवले तर? सध्याच्या नियमानुसार दोन घरांपर्यंत भाडेमूल्य शून्य धरता येते. तिसरे घर रिकामे असले तरी त्याचे अंदाजित भाडे उत्पन्नात धरले जाते.

कर्ज काढून घर घेतले तर भाड्यातून हप्ता फिटतो का?

‘भाड्यात हप्ता निघून जाईल’ हे वाक्य दुसऱ्या घराच्या प्रत्येक चर्चेत येते. याच फ्लॅटसाठी ८० टक्के, म्हणजे ५६ लाखांचे कर्ज साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे ४८ हजार ६०० रुपये येतो. खर्च जाऊन भाड्याचे महिन्याला सरासरी १३ हजार २०० रुपये उरतात. उरलेले ३५ हजारांहून अधिक रुपये दरमहा पगारातून घालावे लागतात.

पूर्वी यावर करसवलतीचा दिलासा असे. जुन्या करप्रणालीत भाड्याच्या घराच्या कर्जाचे पूर्ण व्याज भाड्यातून वजा होते आणि त्यातून होणारा तोटा वर्षाला २ लाख रुपयांपर्यंत पगारासारख्या इतर उत्पन्नातून वजा करता येतो. उरलेला तोटा पुढील आठ वर्षे घराच्याच उत्पन्नातून वळता होतो. नव्या करप्रणालीत मात्र व्याज फक्त भाड्याच्या उत्पन्नापुरते उपयोगी पडते. तोटा पगारातून वजा करता येत नाही. नवी करप्रणाली आता मूळ पर्याय आहे, जुनी हवी असल्यास ती निवडावी लागते. त्यामुळे ‘कर वाचतो’ म्हणून कर्जावर दुसरे घर घेण्याआधी आपण कोणत्या प्रणालीत आहोत, हे तपासणे आवश्यक आहे.

मग लोक भाड्यासाठी घर घेतातच का?

कारण खरा भरवसा भाड्यावर नसून किंमतवाढीवर असतो. भाडे हा त्यातला छोटा भाग. बँकेच्या मुदत ठेवीपेक्षा भाड्याचा निव्वळ परतावा बराच कमी असतो. ही तफावत घराची किंमत वाढूनच भरून निघायची असते. ठेवीचे व्याज वाढत नाही, भाडे मात्र दरवर्षी थोडे वाढू शकते, हीसुद्धा घराची जमेची बाजू.

पण किंमतवाढीलाही अटी आहेत. उदाहरणातील घरावर किमतीव्यतिरिक्त ८ लाख १५ हजार खर्च झाले, म्हणजे किमतीच्या सुमारे ११.६ टक्के. वर्षाला ५ टक्के दराने किंमत वाढली तरी केवळ हा खर्च भरून निघायला दोन वर्षांहून अधिक काळ लागतो. दोन वर्षांनंतर घर विकल्यास दीर्घकालीन भांडवली नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरांसाठी निवासी भारतीयांना महागाई निर्देशांकाचा लाभ घेऊन २० टक्के दराने कर मोजण्याचा पर्यायही आहे. थोडक्यात, तीन-चार वर्षांत पैसे लागणार असतील तर भाड्याचे घर हा सोयीचा मार्ग नाही.

किंमत किती वाढेल, हे मालकाच्या हातात नसते. भाड्याच्या बाजूने होणारी गळती थांबवणे मात्र त्याच्या हातात असते. त्याची सुरुवात करारापासून होते.

११ महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हे खरे आहे का?

महाराष्ट्रात नाही. केंद्राच्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. त्यामुळे देशभर ११ महिन्यांच्या कराराची प्रथा पडली. मात्र महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार राज्यात भाड्याचा किंवा ‘लिव्ह अँड लायसन्स’चा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. मुदत ११ महिने असो वा ३६ महिने, फरक पडत नाही.

ही जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्याहून महत्त्वाची तरतूद पुढची आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. भाडे २२ हजार ठरले होते की १५ हजार, हे सिद्ध करण्याचे ओझे मालकावर येते. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून घेतलेला करार म्हणजे नोंदणी नव्हे.

खर्चही फार नाही. ६० महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. ते मुदतीतील एकूण भाडे आणि परत करावयाच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेले व्याज, या बेरजेवर मोजतात. महिना २२ हजार भाडे, एक लाख डिपॉझिट आणि ११ महिने मुदत असेल तर शुल्काची रक्कम सुमारे ६३० रुपये येते. नोंदणी शुल्क महापालिका-नगरपालिका हद्दीत एक हजार, ग्रामीण भागात ५०० रुपये. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरून आधार पडताळणीद्वारे ही नोंदणी घरबसल्या होते. हे काम करून देणारे एजंट त्यांचे शुल्क वेगळे घेतात, पण सरकारी खर्च एवढाच.

‘१२ वर्षांत भाडेकरू मालक होतो’ ही भीती कुठून आली?

या भीतीला मुंबईचा इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. त्यातून वाचण्यासाठी मालकांनी लिव्ह अँड लायसन्सचा मार्ग धरला. पण १९७३ मधील दुरुस्तीने त्या वर्षी १ फेब्रुवारीला घरात राहत असलेल्या परवानाधारकांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाले. ‘एकदा घर दिले की गेले’ ही समजूत मालकांच्या मनात तिथून घट्ट झाली. पुढे १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाडी वर्षानुवर्षे गोठवून ठेवणाऱ्या तरतुदी अवाजवी ठरवल्या आणि राज्यात १९९९ चा नवा कायदा आला. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. पागडीच्या जुन्या घरांचा प्रश्न आजही वेगळा आहे. नव्या लिव्ह अँड लायसन्स कराराला ते नियम लागू होत नाहीत.

१२ वर्षांचा मुद्दा मुदत कायद्यातला, म्हणजे प्रतिकूल ताब्याचा आहे. मालकाचा हक्क नाकारून, उघडपणे आणि सलग १२ वर्षे ताबा ठेवला तर असा दावा होऊ शकतो. भाडेकरू किंवा परवानाधारक मालकाच्या परवानगीने राहत असतो, त्यामुळे केवळ १२ वर्षे राहिला म्हणून तो मालक होत नाही. धोका आहे तो कागदच नसलेल्या ताब्याचा. ओळखीच्या माणसाला तोंडी बोलीवर घर देऊन वर्षानुवर्षे विसरून जाणे, हे महागात पडू शकते.

मुदत संपूनही घर सोडले नाही तर?

इथे नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार उपयोगी पडतो. १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ नुसार मुदत संपल्यावर परवानाधारकाने घराचा ताबा देणे बंधनकारक आहे. तो दिला नाही तर मालक दिवाणी न्यायालयाऐवजी ‘सक्षम प्राधिकाऱ्या’कडे अर्ज करू शकतो. लेखी करारात जे नमूद आहे ते तिथे निर्णायक पुरावा मानले जाते. मुदत संपल्यापासून ताबा मिळेपर्यंत ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई देण्याची तरतूदही आहे. २२ हजार भाडे असेल तर महिना ४४ हजार.

हे लक्षात घेता करार संपल्यावर ‘राहा की, पुढच्या महिन्यात कागद करू’ म्हणणे टाळावे. जुना करार संपण्याआधीच नवा नोंदवणे योग्य. चिडून कुलूप बदलणे, वीज-पाणी तोडणे किंवा सामान बाहेर काढणे असे प्रकार केल्यास मालकावरच पोलिस तक्रार होण्याची शक्यता असते.

डिपॉझिट किती घ्यावे? ‘हेवी डिपॉझिट’ फायद्याचे का?

डिपॉझिट दोनच महिन्यांचे घेता येते, असे संदेश समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरतात. ही तरतूद केंद्राने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यातली आहे. तो नमुना कायदा आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा चालतो आणि डिपॉझिटची रक्कम दोन्ही बाजूंच्या संमतीने ठरते.

डिपॉझिटचे काम मालकाला बिनव्याजी पैसा देणे नसून थकबाकी आणि नुकसानीची हमी देणे आहे. नोटिशीचा काळ एक महिन्याचा, त्यात एक महिन्याचे थकलेले भाडे, विजेचे बिल आणि किरकोळ दुरुस्ती धरली तर तीन महिन्यांच्या भाड्याएवढी रक्कम साधारण पुरते. वीजमीटर मालकाच्या नावावर असल्याने थकलेले बिलही शेवटी त्याच्याकडेच येते. म्हणून ताबा देताना आणि घेताना मीटरचे रीडिंग, भिंती, नळ, उपकरणे यांचे फोटो काढून दोघांनी एकमेकांना पाठवून ठेवावेत. डिपॉझिटवरून होणारे बरेच वाद ‘हे आधीपासून असेच होते’ या वाक्याने सुरू होतात. तारखेसह फोटो असले तर ते तिथेच संपतात.

मुंबईत ‘हेवी डिपॉझिट’चा प्रकार चालतो. दहा-पंधरा लाख रुपये एकरकमी घेऊन भाडे नाममात्र किंवा शून्य ठेवले जाते. मालकाला मोठी रक्कम मिळते, पण ती उत्पन्न नसून देणे आहे. ती घरखर्चात किंवा दुसऱ्या व्यवहारात गुंतली आणि भाडेकरूने घर सोडले, तर परतफेडीसाठी नवा भाडेकरू शोधण्याची घाई होते. भाडेकरूचे पैसे अडकतात आणि ताबा रखडतो.

सोसायटी आणि पोलिसांबाबत नियम काय?

सभासद स्वतः राहत नसेल तर सोसायटी बिनभोगवटा शुल्क आकारू शकते. मात्र राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार हे शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही आणि सेवाशुल्कात महापालिकेचे कर धरता येत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयानेही हा आदेश वैध ठरवला आहे. घरात आई-वडील, मुले, भावंडे असे जवळचे नातेवाईक राहत असतील तर हे शुल्क लागत नाही. ‘भाड्याचा फ्लॅट म्हणून मेंटेनन्स दुप्पट’ असा ठराव सर्वसाधारण सभेत झाला तरी तो या आदेशापुढे टिकत नाही. भाडेकराराची प्रत सोसायटीला देणे ही मात्र मालकाची जबाबदारी.

भाडेकरूची माहिती पोलिसांना देणेही आवश्यक आहे. पोलिस आयुक्त वेळोवेळी तसे मनाई आदेश काढतात. ते मोडल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली घरमालकावर गुन्हा दाखल होऊ शकतो. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर ही माहिती ऑनलाइन भरता येते. एजंटने ‘मी करतो’ म्हटले तरी पोचपावती मागून घ्यावी.

भाडे वाढवावे की भाडेकरू टिकवावा?

अनेक मालकांचे नुकसान या प्रश्नात होते. समजा, वेळेवर भाडे देणाऱ्या भाडेकरूने एक हजाराची वाढ नाकारली आणि घर सोडले. नवा भाडेकरू २३ हजार देतो, म्हणजे वर्षाला १२ हजार जास्त. पण मध्ये एक महिना घर रिकामे राहिले, २२ हजार गेले. दलालीचे ११ हजार गेले. हे ३३ हजार भरून निघायला पावणेतीन वर्षे लागतात. रंगकाम करावे लागले तर त्याहून जास्त.

म्हणून वाढीचा दर सुरुवातीलाच करारात लिहिणे सोयीचे. २४ किंवा ३६ महिन्यांच्या करारात दरवर्षी ५ टक्के वाढ नमूद केली तर दरवर्षी घासाघीस होत नाही, दलाली वाचते आणि नोंदणीचा खर्चही एकदाच होतो. सोबत किती महिन्यांचा लॉक-इन, नोटिशीचा काळ, मेंटेनन्स कोण भरणार आणि कोणती दुरुस्ती कोणाची, हेही स्पष्ट लिहावे.

मालक परदेशात असेल तर?

अमेरिका, आखाती देश, युरोपात नोकरी करणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांचे पुण्या-मुंबईत भाड्याने दिलेले घर असते. मालक अनिवासी भारतीय असेल तर भाडेकरूने भाडे देतानाच उद्गम कर कापावा लागतो. हा दर ३० टक्के आणि वर उपकर असा आहे. भाडे कमी आहे म्हणून सूट मिळत नाही. निवासी मालकाच्या बाबतीत मात्र महिना ५० हजारांपेक्षा जास्त भाडे असेल तरच वैयक्तिक भाडेकरूला २ टक्के कर कापावा लागतो. हा फरक माहीत नसल्याने कर कापलाच जात नाही आणि नंतर भाडेकरूला नोटीस येऊ शकते. मालक अनिवासी आहे, हे करारात लिहिणे दोघांच्याही हिताचे. प्रत्यक्ष करार कापलेल्या करापेक्षा कमी बसत असेल तर विवरणपत्र भरून परतावा मागता येतो. गावात राहणाऱ्या भावाला किंवा आईला करारासाठी मुखत्यारपत्र द्यायचे असेल तर ते भाडेकरारापुरते मर्यादित असावे. विक्रीचे अधिकार त्यात नसावेत.

घर घेण्याआधी काय तपासावे?

पहिला प्रश्न भाड्याचा. त्या इमारतीत, त्याच आकाराच्या फ्लॅटला आज किती भाडे मिळते, हे विक्रेत्याला न विचारता सोसायटीच्या व्यवस्थापकाला आणि तिथे राहणाऱ्या दोन-तीन भाडेकरूंना विचारावे. वार्षिक भाडे किमतीच्या किती टक्के, हे काढावे. ४५ लाखांच्या छोट्या फ्लॅटला १६ हजार भाडे असेल तर ते सुमारे ४.३ टक्के होते. १ कोटी २० लाखांच्या मोठ्या फ्लॅटला ३२ हजार असेल तर ३.२ टक्केच. राहण्यासाठी मोठे घर चांगले, भाड्यासाठी अनेकदा छोटे बरे पडते ते यामुळे.

दुसरा प्रश्न कागदांचा. इंडेक्स-२, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचे भाग प्रमाणपत्र, थकबाकी नसल्याचा दाखला आणि जमिनीचे अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावे झाले आहे का, हे पाहावे. प्रकल्प नवा असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर त्याची नोंद तपासावी. बांधकाम सुरू असलेल्या घरावर साधारण ५ टक्के जीएसटी लागतो, पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर लागत नाही. शिवाय ताबा मिळेपर्यंत भाडे शून्य आणि व्याज मात्र सुरू.

तिसरा प्रश्न पाण्याचा. पुण्याच्या पश्चिम आणि पूर्व भागातील अनेक सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर चालतात. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये येतो आणि पाणी नसलेल्या इमारतीत भाडेकरू टिकत नाही. एप्रिल-मे महिन्यांची मेंटेनन्सची बिले मागून पाहिली तर हे लगेच कळते.

चौथा प्रश्न स्वतःला विचारायचा. घर सलग तीन महिने रिकामे राहिले, तर हप्ता, मेंटेनन्स आणि कर मिळून जी रक्कम होते, ती बाजूला काढून ठेवलेली आहे का? वरच्या उदाहरणात ती सुमारे १ लाख ६० हजार रुपये होते. ही रक्कम हाताशी नसेल तर पहिल्याच रिकाम्या महिन्यात मिळेल त्या भाडेकरूला, मिळेल त्या भाड्यात आणि करार न नोंदवता घर देण्याची वेळ येते. भाड्याच्या घरातले बहुतेक वाद अशा घाईत केलेल्या व्यवहारांतूनच सुरू होतात.